साठीनंतर पहिलं गाणं रेकॉर्ड करायचंय? खानदेशातल्या हौशी गाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

आपल्या खानदेशात गाणारी माणसं किती आहेत हे बघायचं असेल तर कानबाईच्या जागरणाला बसा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरच्या बायका ऐका, नाहीतर मुक्ताईनगरला एकादशीला जा. एकेकाचा गळा असा की ऐकत राहावं. पण यातल्या किती जणांचं एक तरी गाणं नीट रेकॉर्ड झालंय? तरुणपणी शेती, नोकरी, पोरांची शिक्षणं, पोरींची लग्नं, आणि स्टुडिओ म्हटलं की मुंबई, त्यामुळे ते राहूनच गेलं. आता रिटायर झाले, हातात थोडा वेळ आहे थोडा पैसा आहे, तर घरातलंच कोणीतरी म्हणतं, "या वयमा आते काय?"

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि आता काही वर्षं झाली मंडळातल्या, नात्यातल्या साठी-सत्तरीच्या लोकांबरोबर स्टुडिओत जाऊन बसतो, पट्टी (म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा ते) ठरवून देतो, करारांचे कागद वाचून दाखवतो. त्यातून जे कळलंय ते इथे क्रमाने लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, गाणं आजच्या गळ्यासाठी बांधायचं. पंचविशीत जो गळा होता त्याच्यासाठी नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी एकच गाणं निवडा

अल्बम नको, आठ गाणी नको, एक. आणि ते असं निवडा जे तुम्ही कागद न बघता म्हणू शकता. माझं मत विचाराल तर पहिलं गाणं सिनेमाचं नकोच. ते हजार लोकांनी म्हणून ठेवलंय आणि लोक लगेच मूळ गायकाशी तुलना करतात. त्यापेक्षा तुमच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, कानबाईचं गाणं, गुलाबाईचं गाणं, तुमच्या गावच्या मंडळातला एखादा अभंग ज्याची चाल फक्त तुमच्याच गावात चालते, असं काही घ्या. अहिराणीत असेल तर अहिराणीतच म्हणा, लेवा बोलीत असेल तर तसंच म्हणा, शब्द शुद्ध करत बसू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता वाचता येत नव्हतं, शेतात घरात काम करता करता म्हणायच्या, मुलाने, सोपानदेवांनी ऐकून लिहून घेतलं म्हणून 1952 ला ते छापून आलं आणि आपल्यापर्यंत पोचलं. तुमच्या घरात पण असं काहीतरी असणार जे फक्त एकाच माणसाला पाठ आहे, आणि तो माणूस कदाचित तुम्हीच आहात.

लांबी साडेतीन चार मिनिटं पुरे. ओव्या पंधरा असतील तर पहिल्या गाण्यात पाच-सहा घ्या, पण बाकीच्या फोनवर म्हणून ठेवा, त्या सोडू नका.

पट्टी उतरवा, लाजू नका

इथे सगळ्यात जास्त लोक अडतात. वयाने आवाज बदलतो हे शरीराचं काम आहे. बायकांचा आवाज पाळी गेल्यानंतर बहुतेक खाली उतरतो, पुरुषांचा उतारवयात पातळ होतो, वरचे स्वर धरून ठेवायला दोघांनाही त्रास होतो. म्हणून पूर्वी काळी पाचला गाणाऱ्या बाईने आता काळी चार, पांढरी पाच, गरज पडली तर त्याच्याही खाली जाऊन बघायचं.

बघायचं कसं? फोनवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, फुकट मिळतात. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर कुठला ते शोधा (बहुतेक अंतऱ्यात असतो) आणि तो सूर तुम्हाला सकाळी चहाआधी, गळा गरम नसताना, न ओरडता लागतोय का ते बघा. लागला तर ती तुमची पट्टी. मग सगळ्यात खालचा सूर बघा, तो नुसती हवा होऊन जात असेल तर अर्धा सूर वर सरका. आठवडाभर रोज त्याच पट्टीत म्हणा आणि मग कागदावर लिहा, पट्टी अमुक. पट्टी पक्की नसताना ट्रॅक (गाण्यामागचं तयार म्युझिक) बनवून घेतला की पैसे वाया जातात, कारण नंतर कॉम्प्युटरवर ट्रॅकची पट्टी दोन-तीन सूर हलवली की ढोलकी, बासरी सगळ्यांचा आवाज बिघडतो.

घरी फोनवर डेमो करा

डेमो म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग. याला खर्च शून्य. पण नीट करा, कारण हाच डेमो अरेंजर, म्हणजे गाण्याचं म्युझिक बांधणारा माणूस, ऐकणार आणि घरात जपून ठेवायला पण हाच कामाला येणार.

घरातली फरशीची रिकामी खोली आवाज घुमवते, ती नको. गाद्या-गोधड्या रचलेल्या असतात ती खोली घ्या, समोर आणि मागे एकेक गोधडी टांगा, कपड्यांचं उघडं कपाट पाठीमागे असलं तरी फरक पडतो. पंखा बंद, कूलर बंद, फ्रिज जवळ असेल तर तोही तेवढा वेळ बंद. आता आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-44 ला जातो तेव्हा पंखा बंद करून कोण गाणार, म्हणून हे काम थंडीत करा, दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. नाहीतर पहाटे पाचला, तेव्हा बोअरच्या मोटारी, ट्रॅक्टर, लग्नाचे डीजे काहीच नसतं. भुसावळसारख्या गावात रेल्वे लाइनजवळ राहत असाल तर गाडी जाऊ द्या आणि मग सुरू करा, घाई कसली.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (WAV) किंवा लॉसलेस, म्हणजे आवाज न दाबता साठवणारं असं काही असेल तर ते निवडा. फोन हातात धरू नका, टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर तोंडापासून एक-दीड वीत लांब ठेवा आणि थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवा सरळ माइकवर आदळत नाही. तानपुरा दुसऱ्या फोनवर हळू लावा. झालं की ती फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ किंवा व्हॉइस मेसेज म्हणून पाठवली तर दाबली जाऊन आवाज खराब होऊ शकतो.

मग दोन दिवस ऐकूच नका. तिसऱ्या दिवशी ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांनाच परका वाटतो, कारण आपण बोलताना आपला आवाज हाडांमधूनही ऐकत असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून येतो. हे माहीत नसल्यामुळे "माझा आवाजच वाईट" म्हणून सोडून देणारी माणसं मी पाहिलीत आणि मला फार वाईट वाटतं. चार-पाच वेळा ऐका, सवय होते, आणि मग खऱ्या गोष्टी दिसायला लागतात, कुठे श्वास तुटतोय, कुठे लय पळतेय.

श्वास, दात, चष्मा, कान

हे कुठल्या व्हिडिओत कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्वास कमी पडणार हे धरूनच चला. गाण्याचा कागद घ्या आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे लाल पेनाने खूण करा, अर्थाच्या ठिकाणी, शब्दाच्या मधे नाही. लांब ओळ असेल तर दोन तुकडे करा. रोज तेच ठिकाण, म्हणजे अंगवळणी पडतं.

कवळी असेल तर स आणि श ला शिट्टी वाजते, माइक ती फार पकडतो. कवळी सैल असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी महिनाभर दातांच्या डॉक्टरकडून नीट बसवून घ्या, आणि नवीन कवळी असेल तर तीच घालून रियाज करा. कवळी काढून गायचा प्रकार नको, शब्द कळत नाहीत.

चष्मा आणि कागद, अक्षर एवढं मोठं लिहा की मान न वाकवता दिसेल. मान खाली गेली की आवाज दबतो आणि तोंड माइकपासून हटतं. एका पानावर एक कडवं, पानं उलटताना सळसळ होते म्हणून स्टँडवर शेजारी शेजारी लावून ठेवा.

कानाचं मशीन असेल तर स्टुडिओवाल्याला आधीच सांगा. मशीनवर हेडफोन दाबून बसला तर कधी कधी शिट्टी येते. कानावरून पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन बहुतेक चालतो, मशीन ठेवून आणि काढून दोन्ही करून बघा. ज्यांना मशीन नाही त्यांनी एक कान हेडफोनच्या बाहेर थोडा मोकळा ठेवायचा, सूर चांगला लागतो, जुने गायक पण असंच करतात, फक्त मोकळ्या बाजूचा हेडफोन गालाला चिकटवून ठेवा नाहीतर ट्रॅकचा आवाज माइकमध्ये शिरतो.

बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कोमट पाणी जवळ ठेवा आणि वाटल्यास डॉक्टरांना विचारा. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर आधी नाक-कान-घशाचे डॉक्टर, गाणं नंतर. आणि आदल्या रात्री शेवभाजी, काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, भरीत, ठेचा काही नको. पित्त वर आलं की सकाळी घसा धरतो. रेकॉर्डिंग झालं की मग खा की पोटभर.

ट्रॅक की वाजवणारे?

दोन पद्धती आहेत. एक, अरेंजर कीबोर्डवर ट्रॅक बनवतो आणि तुम्ही त्याच्यावर हेडफोन लावून गाता, याला डबिंग म्हणतात. दुसरी, ढोलकी, पेटी, टाळ घेऊन सगळे एकत्र बसून वाजवतात आणि तुम्ही गाता.

जळगाव-धुळ्याकडे बहुतेक पहिली पद्धत चालते, स्वस्त पडते आणि चुकलेली ओळ परत घेता येते. पण ज्यांनी आयुष्यभर टाळ-पखवाजावर भजन म्हटलं त्यांना कानात टिकटिक लावून मशीनच्या लयीत गा म्हटलं की ते अवघडतात. भजनात लय हळूहळू वाढते, तेच तर त्याचं सौंदर्य. अशा लोकांनी हट्टाने सांगावं की माझा ढोलकीवाला किंवा पखवाजवाला मी आणतो, आम्ही एका वेळेला वाजवू, पेटी-बासरी नंतर भरा. स्टुडिओत दोन वेगळ्या खोल्या असतील, काचेतून एकमेकांचं तोंड दिसत असेल तर हे आरामात होतं. मला विचाराल तर ओव्या आणि भजन वाजवणाऱ्यांबरोबरच, आणि केरवा तालातलं लग्नाचं नाचाचं गाणं असेल तर ट्रॅक चालेल.

ट्रॅक करायला देताना चार गोष्टी लिहून द्या, पट्टी, लय (डेमोतली लय मेट्रोनोम म्हणजे टिकटिक वाजवणाऱ्या ॲपवर मोजा, मिनिटाला 84 ठोके असतील तर 84), कडव्यांची संख्या, आणि मधल्या म्युझिकची लांबी. मधलं म्युझिक फार छोटं नको, तेवढ्यात तुमचा दम परत येतो.

स्टुडिओ बघायला आधी नुसतं जा

एकदा रिकाम्या हाताने जा. आत खोलीत उभं राहून टाळी वाजवा, घुमतंय का ऐका. जिना किती चढायचा, बाथरूम कुठे, बसून गाता येईल का, हे सगळं विचारा, वयात हे महत्त्वाचं आहे. सर्वात मुख्य म्हणजे रेकॉर्ड करणारा मुलगा कसा आहे ते बघा. पोरगा घाई करणारा असेल तर स्टुडिओ कितीही भारी असो, नको. "काका पाणी घ्या, परत घेऊ" म्हणणारा असेल तर अर्धं काम झालं.

पैसे तासावर असतात किंवा गाण्यामागे ठोक असतात. नवीन माणसाने ठोक ठरवावं, नाहीतर घड्याळाकडे लक्ष जातं आणि गळा आवळतो. ठोक ठरवताना हे सगळं त्यात येतं का ते विचारा: ट्रॅक, वाजवणाऱ्यांचे पैसे, डबिंग, एक दिवस परत येऊन दुरुस्ती, मिक्सिंग (आवाज आणि वाद्यं जुळवणं), मास्टरिंग (शेवटची सफाई), आणि शेवटी फाइली. ॲडव्हान्स थोडा द्या, बाकी फाइली हातात आल्यावर. व्हिडिओचा खर्च यात मिसळू नका. व्हिडिओवर मोठी रक्कम आणि आवाजाला उरलेलं असं करणारे खूप आहेत. दुरुस्तीचा दुसरा दिवस व्हिडिओपेक्षा शंभरपट कामाचा.

घरीच करायचं असेल तर एक माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), तारेचा हेडफोन आणि ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर, एवढ्यात होतं, नातू-नात बसवून देतात. ब्लूटूथ हेडफोन मात्र नको, त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो आणि तुम्ही लयीच्या मागे पडता. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवा आणि मीटरचा काटा सगळ्यात जोरात गाताना उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये राहू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला नीट होत नाही.

डबिंगचा दिवस

सकाळी दहा-अकराची वेळ घ्या, गळा उघडलेला असतो आणि अंग थकलेलं नसतं. बाहेरगावहून येणार असाल, म्हणजे शहाद्याहून धुळ्याला किंवा रावेरहून जळगावला, तर एसटीतून उतरून सरळ माइकसमोर जाऊ नका, तासभर बसा. खिडकीतल्या वाऱ्याने आणि धुळीने घसा कोरडा झालेला असतो. बांगड्या, पैंजण, खिशातली नाणी काढून ठेवा, माइक सगळं ऐकतो.

सोबत एकच माणूस न्या. पूर्ण घर काचेपलीकडे उभं राहिलं की आवाज थरथरतो.

पहिले दोन टेक (टेक म्हणजे एकेका वेळचं रेकॉर्डिंग) पूर्ण गाणं गा, मधे कितीही चुकलं तरी थांबू नका. या दोन टेकमध्ये जो भाव येतो तो नंतर दहाव्या टेकला येत नाही, म्हणून मुलाला सांगा की पहिल्यापासूनच रेकॉर्ड कर, "ट्रायल" म्हणून सोडू नको. त्यानंतर कडव्या-कडव्याने घ्या. जिथे चुकलं तिथे पंच करतात, म्हणजे मागची एक ओळ ऐकवतात आणि नेमक्या जागेपासून परत गाऊन घेतात. पंच करताना मागची ओळ तुम्ही पण सोबत म्हणत या, नाहीतर जोड कळतो. पाऊण तास झाला की बाहेर या, बसा. दोन-अडीच तासांच्या पुढे खेचू नका, राहिलं तर दुसऱ्या दिवशी. खोकला आला, डोळ्यात पाणी आलं, आईची आठवण आली, काही बिघडत नाही, थांबा आणि परत घ्या. स्टुडिओत हे रोज होतं.

मिक्सिंगला काय बोलायचं

सूर सुधारायचं सॉफ्टवेअर आता सगळीकडे वापरतात. एखादा सूर सरकला असेल तर तेवढाच हळूच नीट करून घ्यायला हरकत नाही. पण पूर्ण गाण्यावर ते ताणून लावलं की सत्तरीच्या बाईचा आवाज मशीनसारखा होतो, ओवीतल्या हरकती, मुरक्या, आवाजातला कंप सगळं सपाट. हे आधीच ठामपणे सांगा. तो कंप राहू द्या, तो तुमच्या वयाचा आहे आणि ऐकणाऱ्याला तोच भिडतो. एको पण कमी ठेवा, आपल्याकडे एको वाढवायची फार सवय आहे आणि शब्द बुडतात. मिक्स झालेलं गाणं मोबाइलच्या स्पीकरवर, गाडीत आणि हेडफोनवर असं तीन ठिकाणी ऐका, प्रत्येक शब्द कळला पाहिजे. नाही कळला तर आवाज वर, म्युझिक खाली.

कागद, जो कोणीच करत नाही

पारंपरिक ओव्या, लोकगीतं कोणाच्या मालकीची नसतात. पण कवीचे शब्द आणि संगीतकाराची चाल यांच्यावर भारतात त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतो. बहिणाबाईंच्या त्या पहिल्या संग्रहाची मुदत संपलेली आहे, पण नंतर कोणी संगीतकाराने लावलेली चाल ही वेगळी गोष्ट, ती त्या संगीतकाराची. हिंदी सिनेमाच्या चालीवर अहिराणी शब्द बसवले तरी परवानगी लागतेच.

दुसऱ्या बाजूने तुमचा हक्क पण जपा. एखाद्या चॅनलवाल्याने "आम्ही फुकट रेकॉर्ड करून देतो, इथे सही करा" म्हटलं तर घरी आणून मुलीला, मुलाला, ओळखीच्या वकिलाला दाखवा. हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते. "कायमचे सर्व हक्क" असं लिहिलं असेल तर तुमच्या आईच्या ओव्यांचं तुम्हीच केलेलं रेकॉर्डिंग उद्या तुम्हालाच टाकता येणार नाही. अरेंजर, कवी, वाजवणारे, सगळ्यांशी एक-एक साधा कागद करा: किती पैसे दिले, नाव कुठे येणार, रेकॉर्डिंग कोणाचं. प्रेमाची माणसं असली तरी करा.

लोकांपर्यंत न्यायचं

यूट्यूबवर स्वतःचं चॅनल फुकट निघतं. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सरळ टाकता येत नाही, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं त्यांच्याकडे पोचवणारी कंपनी लागते, तीच प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा ओळख नंबर देतो, तो लिहून ठेवा. सणाचं गाणं असेल तर वेळ धरा. कानबाईचं गाणं आषाढातच तयार पाहिजे कारण नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट (कानबाईचा सण) असतात, आखाजीचं चैत्र लागायच्या आत, गुलाबाईचं भाद्रपदाच्या पौर्णिमेआधी. डिस्ट्रिब्युटरकडे तीन-चार आठवडे आधी द्या. जळगावला आकाशवाणी केंद्र आहे, तिथे लोकसंगीत, सुगम संगीताच्या ऑडिशन कधी निघतात त्याची चौकशी करून ठेवा, तुमचा रियाज तयारच आहे.

"लाखो व्ह्यूज देतो, एवढे भरा" असे फोन येतील. एक रुपया द्यायचा नाही.

शेवटी स्टुडिओतून काय काय आणायचं ते सांगतो: मास्टर झालेली डब्ल्यूएव्ही फाइल, गाडीत वाजवायला एमपी3, आवाजाशिवायचा नुसता ट्रॅक (कार्यक्रमात गायला लागतो), आणि तुमच्या गाण्याच्या सुट्या कच्च्या फाइली. स्टुडिओवाले काही काळाने जुनं डिलीट करतात, म्हणून त्याच दिवशी मागा. एक पेनड्राइव्ह तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे, आणि एक कॉपी गूगल ड्राइव्हवर. फाइलच्या नावात गाण्याचं नाव, तुमचं नाव आणि साल टाका. आणि एका वहीत लिहा की हे गाणं कोणाकडून शिकलो, ती बाई कुठल्या गावची, कुठल्या सणाला म्हणायची, म्हणजे पुढच्या गाण्याला बसाल तेव्हा त्याच वहीतून निवडता येईल.